मिठबावचा तुकडा

"ह्यां जुनेर न्हय गो आनंदीबाय, ही चाळण आसा," मथुरा म्हणाली आणि तिने लुगडे उन्हासमोर धरले. कापडातून पलीकडचे चिंचेचे झाड फांद्यांसकट दिसत होते.

"मगे तांदूळ चाळ तेतूर," आनंदीबाई म्हणाली. "तुका जुनां होयां, मऊ होयां, आणि वर टिकाव धरूक होयां. असो कपडो नि असो घो, दोनूय बाजारात गावत नाय."

"घो माझो बरो आसा. लुगड्याचां बोल."

सावंतवाडीच्या मंगळवारच्या बाजारात भाजीवाल्यांची रांग संपते तिथे चार-पाच बायका जुन्या कपड्यांचे ढीग मांडून बसत. गावोगाव फिरून भांड्यांच्या आणि बांगड्यांच्या बदल्यात त्या कपडे घेत आणि इथे आणून विकत. या ढिगांपाशी एक नियम होता. कपडा कुणाचा, कुठून आला, हे घेणाऱ्याने विचारायचे नसे आणि विकणारीने सांगायचे नसे. एरवी दुसऱ्याच्या अंगावरचे घरात कोण नेणार?

मथुरा महिन्यातून एकदा वेंगुर्ल्याहून पहिल्या गाडीने या ढिगांसाठी येई. कापड आधी उन्हात धरायचे, मग आडवे ओढायचे. एवढ्यातून पार पडले तर गालाला लावायचे. गालाला टोचले की परत. तिचे यजमान गंगाराम कचेरीत कारकून होते. ते म्हणत, माझे स्थळ बघायला आली असतीस तर मी पहिल्याच परीक्षेत नापास झालो असतो.

तीस वर्षांत तिने एक्केचाळीस गोधड्या शिवल्या. एकही विकली नाही. सगळ्या नात्यातल्या घरी गेल्या, आणि त्यांचे कापडही मुख्यतः नात्यातल्या घरांतूनच आले. कुडाळला नणंद, सावंतवाडीत दीर, आरोंद्याला मावशी, अशी तिची वर्षाची फेरी ठरलेली असे. जाताना पिशवीत फणसाच्या तळलेल्या गऱ्यांचा डबा, येताना त्याच पिशवीत दोन धोतरे, एखादा परकर, लुगड्याचा पदर. ती माणसांना भेटायला येते की कपड्यांना, याचा निकाल कुणाला लावता आला नव्हता. दीर तिला फाटकात पाहिले की ओरडत, "वयनी इली रे! दोरयेवरचां भितर घेवा!" बाजारातले कापड उरल्यासुरल्या जागा भरायला.

१९६३च्या जानेवारीतल्या त्या मंगळवारी मात्र ती बाळाच्या गोधडीसाठी आली होती. तिची एकुलती मुलगी कावेरी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली. महिना उरला होता. पहिल्या बाळाच्या गोधडीत जवळच्या प्रत्येक घरचा एकेक तुकडा घालायचा, ही मथुरेच्या आईची रीत. बाळावर सगळ्यांनी मिळून पांघरूण घातले पाहिजे, असे ती म्हणे. सात घरे होती. सहा तुकडे आले होते. मिठबावचा आला नव्हता. मिठबाव म्हणजे मथुरेचे माहेर, तिच्या धाकट्या भावाचे, दत्तारामाचे घर.

"मामाच्या घरचां नसलां म्हणान काय झिल थंडयेन काकडतलो?" कावेरी आदल्या दिवशी म्हणाली होती.

"थंय बाजारातलो तुकडो घालतंय."

"तां चलता?"

"बाळाक काय कळता?" मथुरा म्हणाली. पण गोधडीचा मधला चौकोन तिने पंधरा दिवस रिकामाच ठेवला होता.

आनंदीबाईने दुसरे लुगडे काढण्यासाठी ढीग उलथला, तेव्हा तळाशी घडी घातलेली एक गोधडी दिसली. मथुरेने कोपरा उचलला. तांबडी किनार, आत करड्या आणि पांढऱ्या पट्ट्या, आणि काठाकडून मध्याकडे चौकोनात चौकोन असे आत जात राहिलेले टाके. तांदळाच्या दाण्याएवढे. एकासारखा एक.

ती उकिडवी बसली होती, ती खालीच बसली.

एकोणीस वर्षांपूर्वी, दत्तारामाच्या लग्नात तिने ही गोधडी दिली होती.

"टाकल्यान," ती म्हणाली. "माझी गोदडी बाजारात टाकल्यान! आठ वर्सांनी पण राग जावक नाय तिचो."

"कोणाचो?"

"माझ्या भावजयचो."

त्या रागाची गोष्ट अशी. १९५५च्या मे महिन्यात मथुरा मिठबावला गेली होती. पावसाच्या आधी घरोघर ट्रंकेतले कपडे उन्हात घालतात, तसे सीतेने पुढच्या दोरीवर घातले होते. रोजचे जुने कपडे मागच्या दोरीवर होते. निघताना मथुरेने जुने कापड मागितले, तेव्हा चुलीपुढे बसलेली सीता म्हणाली, "दोरयेवरचां होयां तां घेवा, वन्सं." मथुरेने पुढच्या दोरीवरचे एक हिरवे लुगडे घेतले. विटलेले, घड्यांवर उसवलेले, गालाला लोण्यासारखे. ते सीतेच्या वडिलांनी लग्नात दिले होते. लग्नानंतर चारच महिन्यांत ते वारले, आणि सीतेने ते लुगडे पुन्हा नेसले नव्हते. दर वर्षी एकदा उन्हात घालून परत ठेवायची. सीतेचा निरोप वेंगुर्ल्याला पोहोचेपर्यंत त्याचे त्रिकोण कापून झाले होते. मथुरा ते त्रिकोण घेऊन मिठबावला गेली. सीता दारात उभी राहिली. "वन्सं, माझ्या बापाशीचे तुकडे केलात तुमी. आता ह्या उंबऱ्याक पाय लावू नकात."

"तूच सांगलंस, होयां तां घे म्हणान," मथुरा म्हणाली होती. ते खरे होते, आणि त्यामुळेच प्रकरण मिटले नाही. दत्ताराम पुढची दोन वर्षे भाऊबीजेला आला. मग दम्याचे कारण सांगून यायचा थांबला. कावेरीच्या लग्नात मामा म्हणून उभा राहिला आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेला. त्यालाही दीड वर्ष होऊन गेले होते.

"रागान टाकूची आसती तर आठ वर्सां कित्याक थांबली?" आनंदीबाईने विचारले.

मथुरेने गोधडी नाकाशी नेली. निलगिरीचे तेल. कसल्यातरी काढ्याचा वास. खाली, खूप दिवस अंथरुणाला लागून राहिलेल्या अंगाचा वास. गोधडी धुतलेली नव्हती.

तिला जे कळले ते गोधड्या शिवणाऱ्या कुणालाही कळले असते. घरातली गोधडी घराबाहेर जात नाही. फाटली तर नव्या गोधडीच्या पोटात जाते, अगदीच चिंध्या झाली तर गुरांच्या अंगावर जाते. धडधाकट गोधडी न धुता घराबाहेर पडते ती एकाच वेळी. जिच्यात माणूस गेले ती गोधडी ठेवत नाहीत.

दत्तारामाला लहानपणापासून दमा होता.

"आनंदीबाय, ही खंयसून इली?"

आनंदीबाईने चमकून वर पाहिले. शेजारच्या ढिगावरच्या बाईनेही मान वर केली.

"तूच असां इचारूक लागलंस, तर मगे बाकीच्यांनी काय करूचां?" आनंदीबाई म्हणाली.

"माझो एकच भाव आसा गो."

आनंदीबाई ढिगावरून पुढे वाकली. मग हळू आवाजात म्हणाली, "आचऱ्याकडची बाय एक गठडो देवन गेली. इतक्याच माका म्हायत. घेवन जा ती. पैसे नको." आचरे मिठबावच्या जवळचेच. पण मथुरेने पैसे ढिगावर ठेवले होते आणि ती उठली होती.

वेंगुर्ल्याची गाडी सुटायच्या बेतात होती. तिने खिडकीतून कंडक्टरला सांगितले, "कचेरीत आमच्या ह्यांका सांगा, मथुरा मिठबावाक गेली म्हणान."

"मिठबावाक? आठ वर्सांनी?" कंडक्टर वेंगुर्ल्याचाच होता, वेंगुर्ल्यात सगळ्यांना सगळे माहीत असे. "काय म्हणान सांगू?"

"गेली म्हणान सांगा."

कुडाळ, कणकवली अशा दोन गाड्या बदलून ती दुपारी उशिरा मिठबावच्या वाटेला लागली. पिशवी छातीशी धरलेली. गाडीत बसल्यापासून ती एकच हिशेब मांडत होती: दत्ता गेला असता तर मला कुणीतरी कळवले असते, पण कळवायचे ते सीतेने, आणि सीता कळवणार नाही, पण गावातले कुणी तरी, पण गावातल्यांना वाटले असेल, घरच्यांनी कळवलेच असेल. शेवटच्या मैलात तिने हे सोडून दिले आणि नुसती चालत राहिली.

दगडी कुंपणाच्या, गडग्याच्या कवाडातून तिला घरापुढचे खळे दिसले. खळ्यात डोक्याला पंचा गुंडाळून एक माणूस माडाच्या झावळीचे हीर सोलत बसला होता. झाडणीसाठी. खोकला. तो खोकला तिने झोपेतही ओळखला असता.

"दत्ता!"

त्याने वर पाहिले. हातातला कोयता तसाच राहिला. "अक्का? तू खंयसून गो?"

"जितो आसस मा रे?" ती म्हणाली आणि हसायला लागली. गडग्याला टेकली आणि तिथेच हसत राहिली. "मेल्या, माझो जीव घेतलंस! सकाळपासून पोटात पाण्याचो थेंब नाय माझ्या! एक कार्ड घालूक काय हात झडले होते तुझे?"

"काय झालां काय तुका? बस आदी."

तो उठला. तिला बसायला पाट पुढे केला आणि घाम पुसायला डोक्याचा पंचा सोडला. त्याच्या डोक्यावरचे केस पेरभरही नव्हते. भादरल्यानंतर नव्याने उगवलेले, सगळीकडे सारखे.

मथुरेचे हसणे थांबले.

"सीता?"

"मार्गशीर्षात," तो म्हणाला. "दीड म्हयनो झालो."

खळ्याच्या कडेला वासरू बांधले होते. ते दावे ताणून हिरांच्या ढिगाकडे तोंड नेत होते. दत्तारामाने ढीग पायाने अलीकडे ओढला.

"माका कळवलंस नाय."

"पत्र लिवलंय. दोनदा लिवलंय. फाडलंय. काय लिवतलंय? ये म्हणान लिवचां तर तिना येव नको म्हणान सांगलेलां. गेली म्हणान लिवचां, तर..." तो खोकला. "तर तू येतलंस, आणि घरात कोण नाय. मगे काय उपेग."

मथुरा पाटावर बसली. मग तिने पिशवीतून गोधडी काढून मांडीवर ठेवली.

दत्ताराम एक पाऊल मागे सरकला. "ही खंय गावली तुका?"

"सावंतवाडयेच्या बाजारात."

"भावकेन सांगल्यानी, आंथरूण-पांघरूण सगळां भायर काढ. काढलंय. ही एक ठेवतंय म्हटलंय, तर कोणी आयकाक नाय. शेवटचे चार म्हयने तिना दुसरी आंगार घेवक नाय. घोंगडी दिली तर ढकली."

"ही पांघरी? माझी?"

"आठ वर्सां हीच. तुझां नाव काढलां तर तोंड फिरवी, आणि रात्री हीच ओढी." तो पहिल्यांदाच थोडासा हसला. "आणि आजारपणात काम एकच. पडल्या पडल्या तुझे टाके मोजी. बोटान. वळीर वळ. मी म्हणी, अगो डोळे दुखतले. तर म्हणे, वन्संनी खंय तरी चूक केलेली असतलीच. आणि एका दिसा मोठ्यान हाक मारल्यान, 'अहो, बेगीन येवा!' माका वाटलां, झालां. धावत गेलंय. तर म्हणता कशी, 'गावले! तुमच्या अक्काचे दोन टाके चुकले हत!' इतकी खुश झाली गो. त्या दिसा पोटभर पेज जेवली."

"माझे टाके चुकत नाय," मथुरा म्हणाली.

"आता तिना सांगल्यान..."

"खंय?"

तिने गोधडी खळ्यात पसरली. गुडघ्यांवर बसून किनारीपासून पाहायला सुरुवात केली. एकोणीस वर्षांपूर्वीचे काम. तेव्हा तिची नजर सुईच्या नाकात दोन दोरे एकदम ओवण्याइतकी होती. पहिली ओळ झाली. दुसरी झाली. दत्ताराम थोडा वेळ पाहत राहिला, मग वाकून त्याने बोट ठेवले. "हयसर. डाव्या पायाकडे."

पांढऱ्या पट्टीवर, ओळ कोपऱ्यातून वळते तिथे, दोन टाक्यांची जागा मोकळी होती. दोरा खालून गेला होता, वर आलाच नव्हता. वळणाच्या घाईत राहून गेलेले. दुसऱ्या कुणाला कधी दिसले नसते. त्या जागेभोवतीचे कापड बोटाने चोळून चोळून गुळगुळीत झाले होते.

मथुरेने आपले बोट तिथे ठेवले.

"चुकलंय," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, पुन्हा, कुणाला ऐकू जावे अशा आवाजात नव्हे, "चुकलंय गो."

दत्ताराम वासराचे दावे सोडवायला गेला. ते सोडवण्याची काही गरज नव्हती.

परत आला तेव्हा तो म्हणाला, "ही मी भितर घेतंय."

"भावकी काय म्हणतली?"

"म्हणांदेत. म्हयनोभर नीज नाय माका."

मथुरेचा रीतीभातींवर विश्वास होता. बाहेर काढलेले पांघरूण परत आत घेतलेले तिने जन्मात पाहिले नव्हते. तिने पदर खोचला. "तशी नको. धुवया आदी. साबण आसा?"

"आसा. पण तुझी गाडी?"

"गाडी गेली कधीच. दोन घागरी वड."

विहिरीच्या पाथरीवर तिने गोधडी दोनदा चोळली. चार पदरी कापड पाण्याने असे जड झाले की एकटीला उचलेना. पिळायला दोघे हवेत. दत्तारामाने एक टोक धरले, तिने दुसरे. दोघांनी पीळ द्यायला सुरुवात केली. गोधडी नुसतीच गोल फिरत राहिली.

"अरे उलट्या बाजून रे, मेल्या! दोघांनी एकाच बाजून फिरवल्यार ती पिळतली कशी?"

"मी सुलटच फिरवतंय. तू उलटी फिरवतंस."

"ल्हानपणापासून तुझां असांच!"

मग जमले. पाणी आधी गढूळ, मग पांढरट, मग नुसतेच पाणी, असे पाथरीवरून माडाच्या आळ्यात जाऊ लागले. पिळता पिळता दोघे एकमेकांच्या जवळ येत गेली, कारण पीळ बसला की गोधडी आखूड होते. शेवटी हातभर अंतर राहिले. दत्तारामाला धाप लागली होती. त्याच्या तोंडावरून पाणी ओघळत होते आणि मथुरेने ते कसले आहे याची चौकशी केली नाही.

गोधडी गडग्यावर पसरून झाल्यावर तो म्हणाला, "कावेरीचां कधी?"

"पुढच्या म्हयन्यात. माका एक तुकडो होयो तुझ्या घरचो. तेच्यासाठी..." ती थांबली. "देतंस तर दी. मी आपल्या हातान काय घेवचंय नाय."

तो आत गेला. बऱ्याच वेळाने धुतलेले एक धोतर घेऊन आला. मधोमध विरलेले, काठाला शाबूत. "ह्यां माझां. तिचां काय ऱ्हवूक नाय. आणि आसतां तरी बाळाक चलतां नाय."

मथुरेने ते उन्हात धरले नाही, ओढून पाहिले नाही. घडी घातली आणि पिशवीत ठेवले.

रात्रीचे जेवण तिने केले. ती उंबऱ्याच्या आत कधी गेली हे दोघांच्याही लक्षात आले नाही. तांदळाचा डबा कुठे आहे ते दत्तारामाला सांगता येईना, तेव्हा ती शोधायला गेली एवढेच.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून चांगले ऊन होते. दहा वाजता मथुरेने गडग्यावरची गोधडी उलटली. वरची बाजू जवळजवळ वाळली होती, पोटात ओल होती. कणकवलीची गाडी तीनला. तोवर सुकायला हरकत नव्हती.

कवाडाबाहेरून जाणारी शेजारची सावित्री थांबली. "कोण गो? मथुराक्का? कधी इलंस?"

"काल."

"आता ऱ्हवतलंस मा चार दिस?"

"खंय गो! चेडू बाळंतपणाक इलेला. ही सुकली की चललंय. पांघरूक तर होयी ना दत्ताक."

सावित्री गेली. मथुरा पडवीत सूप घेऊन बसली आणि तांदूळ निवडू लागली. दत्ताराम खळ्यात हीर सोलत होता. थोड्या वेळाने तो उठला, गडग्यापाशी गेला आणि इकडेतिकडे पाहिले. मग त्याने गोधडीची ओली बाजू आत घेऊन तिची मधोमध घडी घातली, वर हात फिरवून ती सारखी केली आणि येऊन पुन्हा हीर सोलायला बसला.

घडी घातलेले कापड वाळत नाही, हे मथुरेला कुणी सांगायची गरज नव्हती. तिने मान खाली घातली आणि सुपातले खडे वेचत राहिली.